आमच्या घरातली तंद्री

कुणाच्या घरात शेती असते, कुणाच्या घरात सोनंनाणं. आमच्या घरात तंद्री होती. हे मी थट्टेनं सांगत नाही. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, ते पाहुण्यांना अगदी याच सुरात सांगायचे. आमचे आजोबा पुराणिक. पोथी उघडून बसले की त्यांना जगाचं भान नसायचं. एकदा म्हणे त्यांच्या उपरण्यावरून विंचू चढून खांद्यापर्यंत गेला, समोरची माणसं ओरडायला लागली, आणि आजोबांनी अध्याय संपवूनच मान वर केली. हा विंचू मी इतक्या वेळा ऐकलाय की त्याचा रंगसुद्धा मला पाठ आहे. अण्णांना स्वतःला मात्र तंद्री कधी लागली नाही. ते निजामाच्या अमलात कचेरीत कारकून होते आणि उर्दू असं लिहायचे की साहेब लोक आधी अक्षर बघायचे, मग मजकूर. पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला, सगळ्यांनी पेढे वाटले, अण्णांनीही वाटले. पण पुढं कचेरीचं कामकाज मराठीत आलं आणि अण्णांची पंचाईत झाली. मराठी बोलायची घरचीच, पण सरकारी मराठी लिहायची म्हणजे निराळंच प्रकरण. काल आलेली पोरं त्यांचे मसुदे दुरुस्त करायला लागली. संध्याकाळी घरी आले की टोपी खुंटीला अडकवायचे आणि बराच वेळ भिंतीकडे तोंड करून बसायचे. त्यांना तेव्हा कशाचा तरी आधार हवा होता, हे आता कळतं. तेव्हा आम्ही फक्त पाय न वाजवता चालायचो.

राजाबाजारात भाड्याच्या दोन खोल्या आणि मागं सामाईक विहीर, एवढंच आमचं घर. सकाळी एकीकडून बांग यायची, दुसरीकडून देवळातली घंटा, आणि दोन्हींच्या मध्ये आईच्या भाकरी थापण्याचा आवाज. आईचं माहेर फुलंब्रीकडचं. तिच्या हातची येसर आमटी, म्हणजे भाजलेल्या धान्याचा न् मसाल्याचा येसर लावलेली ती दाट तिखट आमटी, हे आमच्याकडचं रविवारचं जेवण. वर शेंगदाण्याची चटणी, लोणी असलं तर लोणी, आणि थंडीत दौलताबादेकडचे जांब, ज्यांना पुण्याकडचे लोक उगाच पेरू म्हणतात. अशाच एका जेवणात ते पहिल्यांदा झालं. माझा थोरला भाऊ श्रीपाद, माझा दादा, तेव्हा मॅट्रिकच्या आधीच्या वर्गात होता. शाळेतल्या कुणाची तरी नक्कल करून दाखवत होता, आम्ही सगळे हसत होतो, आणि वाक्याच्या मध्येच तो थांबला. घास हातात, डोळे उघडे, नजर समोरच्या भिंतीच्याही पलीकडं. ओठ मात्र हलत होते, बारीक बारीक, आणि अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत होता. अण्णा घाबरून उठले. मी "दादा, ए दादा" म्हणत हात पुढं केला, तर आईनं तो मधेच धरला. तिचा चेहरा भाकरीच्या पिठासारखा झाला होता. पण आवाज अगदी शांत. म्हणाली, "शिवू नका कुणी. तंद्री लागलीय त्याला."

म्हणजे शब्द आईनं दिला. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढं सगळ्यांनी तो अण्णांच्या नावावर टाकला. थोड्या वेळानं दादानं एक खोल श्वास घेतला, घास तोंडात घातला आणि नक्कल जिथं सोडली होती तिथून पुढं सुरू केली. आम्ही कुणी हसत का नाही, हेच त्याला समजेना. अण्णा मात्र त्या दिवसापासून निराळेच माणूस झाले. ओठ हलत होते म्हणजे जप चालला होता. पेरांवर अंगठा फिरत होता म्हणजे तो जप मोजत होता. आजोबांची देणगी एक पिढी गाळून नातवाकडं आली होती. तेव्हापासून घरात नियम झाला: श्रीपादची तंद्री लागली की त्याला शिवायचं नाही, हाक मारायची नाही, आपली आपण उतरू द्यायची. दिवसातून एकदा लागायची, मग दोनदा, मग किती वेळा ते आम्ही बघायचंही सोडलं. दूध घालायला येणाऱ्या भागाबाईनं एकदा त्याला तसं बसलेलं पाहिलं आणि चरवी खाली ठेवून सरळ उंबऱ्यावर डोकं टेकलं. "लई मोठा पुरुष हाय वैनी तुमच्या पोटी," ती आईला म्हणाली, "मी गावात सांगत्ये समद्यांला." सांगितलं तिनं. मग माणसं यायला लागली. कुणी नारळ ठेवायचं, कुणी लेकरू आणून त्याच्या पायावर घालायचं. अण्णा नवं उपरणं घेऊन दारात उभे राहायचे आणि विंचवाची गोष्ट सांगायचे. इतक्या वर्षांत मी त्यांना ताठ मानेनं उभं राहिलेलं पहिल्यांदाच बघत होते.

आणि दादा? दादाला कुणी विचारलंच नाही. एका संध्याकाळी तो विहिरीच्या कठड्याशी बसला होता, मी हंडा घेऊन गेले, तर म्हणाला, "कुसे, तुला तंद्री लागते का गं कधी?" मी म्हटलं, लागते की, सागरगोटे खेळताना लागते, आई हाका मारून दमते. "मग तेव्हा काय असतं?" काय असतं म्हणजे, सागरगोटे असतात, वर गेलेला दिसतो, खालचे दिसतात, दुसरं काही सुचत नाही. त्यानं माझा हात धरला. मग म्हणाला, "माझ्यात काहीच नसतं. देव नसतो, जप नसतो, अंधारसुद्धा नसतो. मधला तुकडाच कुणीतरी कापून नेलेला असतो. मी परत येतो तेव्हा सगळे हात जोडून बसलेले असतात. मला भीती वाटते गं. एक दिवस सगळंच कापून नेलं तर?" त्याचा हात बर्फासारखा गार होता. मी लहान होते, पण एवढं कळलं की ज्याला आम्ही बुडून जाणं म्हणत होतो त्यात बुडायला पाणीच नव्हतं.

त्यानं अण्णांना सांगून पाहिलं. एकदा नाही, अनेकदा. अण्णा हसून म्हणायचे, "अरे, ज्याला लागते त्याला कळत नसतं, हीच तर खरी खूण." आता या बोलण्याला काय उत्तर देणार, सांगा! तो जितकं नाही म्हणायचा तितका तो मोठा ठरायचा. शाळेतल्या बाईंना मी धीर करून सांगितलं, तर त्यांनी माझ्या गालाला हात लावला आणि म्हणाल्या, "भाग्यवान आहेस, अशा घरात जन्माला आलीस." जळ्ळं ते भाग्य. दादा शहागंजात सायकलवरून भाजीच्या गाड्यात जाऊन आदळला, कपाळ फुटलं, तर लोक म्हणाले, बघा, रस्त्यातसुद्धा नाम सुटत नाही. मग मीच त्याची राखण करायला लागले. तो विहिरीवर अंघोळ करायचा तेव्हा मी कठड्याशी उभी. जिना चढायचा तेव्हा त्याच्या मागं. झोपेतसुद्धा त्याचा श्वास ऐकायचे. त्याला त्या वेळी जोरात हलवलं तरी उपयोग नव्हता, हे मी चोरून करून पाहिलं होतं. चिमटा काढला, कानाशी ओरडले. काही नाही. शुद्धीवर आल्यावर रागावलासुद्धा नाही; त्याला चिमटा ठाऊकच नव्हता. मला तर वाटायचं, याच्यापेक्षा त्यानं मला एक सणसणीत थप्पड मारावी.

दत्तजयंती जवळ आली. आमच्या घराची एक जुनी रीत होती, दुसऱ्या कुणाकडं मी ती पाहिलेली नाही. जन्माची आरती झाली की मुंज झालेल्या मुलानं तळहातावर विड्याचं पान ठेवायचं, पानावर कापूर पेटवायचा, देवावरून एकदा ओवाळायचा आणि पान तापायच्या आत तबकात सोडायचा. क्षणाचं काम. अण्णा दरवर्षी ते स्वतः करायचे. त्या वर्षी म्हणाले, श्रीपाद करेल. आदल्या दिवशी दादानं आईचे पाय धरले. खरंच धरले, मी पाहिलं. "आई, मला नको ना उभं करू. तिथं झालं तर?" आई सुंठवडा कुटत होती. ती बत्ता न थांबवता म्हणाली, "नाही होणार काही. देवाचं काम आहे." पण तिचे डोळे मात्र सुंठीनं भरले असं मला त्या वेळी वाटलं. सुंठीनं कुणाचे एवढे भरतात?

दिवस मावळायच्या सुमारास खोली माणसांनी गच्च भरली. अंगणात, जिन्यावर, जिथं जागा मिळेल तिथं माणसं. अण्णा आणि दादा सोवळ्यात, रेशमी कद नेसलेले. बाकीच्यांनी त्यांना शिवायचं नाही. मी परकर सावरत देव्हाऱ्याच्या अगदी कडेला घुसून बसले होते. आरती झाली. दादानं पान घेतलं, कापूर ठेवला, अण्णांनी पेटवला. मंत्र म्हणत त्यानं हात देवासमोर नेला आणि तिथंच तो थांबला. मी त्याच्या अंगठ्याकडं पाहिलं. दुसऱ्या हाताचा अंगठा पेरांवरून फिरायला लागला होता. "अण्णा," मी म्हटलं, "अण्णा, त्याला झालं." अण्णांनी हात आडवा केला. "शिवू नको! सोवळ्यात आहे. तंद्री लागलीय." आणि लोकांना ते कळलं तशी खोलीत एक लाटच उठली. टाळ्या, झांजा, जयजयकार, मागची माणसं टाचा उंच करून बघताहेत, "हातावर विस्तव हाय तरी हालत न्हाय बघा," असं कुणीतरी रडत रडत म्हणतंय. पान काळं पडलं, कडेनं वळलं. कापराचा वास गेला आणि दुसराच वास आला. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं तोंडात पदर कोंबला होता आणि ती पुढं येत नव्हती. ती का येत नव्हती हे मला कळेना, आणि तिच्याशिवाय आता कुणी उरलंच नव्हतं. मी उठले, अण्णांच्या हाताखालून गेले आणि दादाच्या मनगटावर जीव खाऊन फटका मारला.

कापूर उडाला, चटईवर पडला, बायका किंचाळल्या, कुणीतरी त्यावर पाणी ओतलं. सोवळं मोडलं म्हणून एक म्हातारा मला शिव्या देत होता. आणि दादा? दादानं खोल श्वास घेतला आणि अर्ध्यावर राहिलेला मंत्र पुढं म्हणायला सुरुवात केली. दोन शब्द म्हणाला असेल. मग त्यानं आपल्या तळहाताकडं पाहिलं. ती किंकाळी मी अजून विसरले नाही, आणि विसरायचा प्रयत्नही आता करत नाही.

टांग्यातून सरकारी दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर हैदराबादकडचे, पांढरी दाढी, उर्दू बोलणारे. त्यांनी हाताला मलम लावत विचारलं, हात जळेपर्यंत कापूर धरून का ठेवला? अण्णांना उर्दूत बोलायला मिळालं, तसे ते त्या परिस्थितीतही जरा सावरले. त्यांनी आपल्या जवळचा सगळ्यात सुरेख शब्द काढला. "साहब, लडका इस्तिगराक में था." इस्तिगराक म्हणजे एखाद्या गोष्टीत पूर्ण बुडून जाणं, तंद्रीच, पण दरबारी कपड्यातली. डॉक्टरांनी अण्णांकडं पाहिलं, मग दादाकडं वळून हळू आवाजात विचारलं, "बेटा, उस वक्त तुमको क्या दिखता है?" इतके महिने शेकडो माणसं त्याला बघून गेली होती, पण हा प्रश्न त्याला पहिल्यांदाच कुणीतरी विचारला होता. दादा हुंदके देत म्हणाला, "कुछ नहीं. कुछ बी नहीं साब." डॉक्टरांनी मान हलवली. "पंडितजी, जो सच में डूबा हुआ हो, उसको बाहर खींचो तो खफा होता है. ये कभी खफा हुआ?" मीच मागून म्हणाले, "नाही, रागावला नाही कधीच." "ये इस्तिगराक नहीं," डॉक्टर म्हणाले, "मिर्गी है. गोलियाँ देता हूँ. रोज देना. एक दिन बी नागा नक्को." मिर्गी म्हणजे फेफरं. तो शब्द ऐकल्यावर आई दवाखान्याच्या फरशीवर खाली बसली.

मला वाटलं, संपलं. आता गोळ्या, आता बरं. कसलं काय! घरी आल्यावर अण्णांनी गोळ्यांची पुडी कोटाच्या आतल्या खिशात घातली आणि कोट कपाटात ठेवून किल्ली जानव्याला बांधली. "दवाखान्यात गेलं की सगळ्यालाच रोग म्हणतात," ते म्हणाले. "वडिलांची देणगी मी गोळ्या घालून मारू?" दादा ओरडला नाही, रडला नाही. बांधलेला हात मांडीवर घेऊन बसून राहिला. मी आईकडं धावले. आई तरी म्हणेल. तर आईच म्हणाली, "नको त्या गोळ्या. गोळ्या आणल्या की लोक विचारतात कशाच्या. तंद्रीच आहे ती. तंद्रीच म्हणायचं." तेव्हा मात्र दादाचा बांध फुटला. "आई, माझा हात जळाला! तुला दिसत होतं ना? तू दारातच होतीस ना?"

आई भिंतीला टेकली आणि मग तिनं जे सांगितलं ते आम्ही जन्मात ऐकलेलं नव्हतं. तिला एक भाऊ होता. रंगनाथ. आम्हाला असा मामा होता हेच ठाऊक नव्हतं. त्याला असंच व्हायचं, आधी बारीक, मग मोठं. गावानं त्याला फेफरं म्हटलं, आणि शब्द पडला तसा तो घरातून उठला. गोठ्यात वेगळं अंथरूण, वेगळी थाळी, भाकरी लांबून सरकवायची, कारण फेस लागला तर आपल्यालाही होईल. शाळा सुटली, सोयरीक तर सोडाच. आणि एक दिवस तो ओढ्यात पालथा सापडला, घोट्याएवढ्या पाण्यात. "श्रीपाद जेवताना थांबला ना," आई म्हणाली, "तेव्हाच मी ओळखलं. पहिल्या दिवशीच. म्हणून मी तुला चांगला शब्द दिला रे. तुला गोठ्यात जाऊ द्यायचं नव्हतं मला." आपली देणगी कुठून आली होती हे अण्णांना तेव्हा कळलं. दादा उठून आईसमोर आला. मग म्हणाला, "आई, मामा फेफऱ्यानं गेला, की त्याला एकटा सोडला म्हणून गेला? आणि मला शिवू नका म्हणालीस, म्हणजे काय केलंस?"

आई अण्णांसमोर गेली आणि हात पसरला. एवढ्या वर्षांच्या संसारात तिनं अण्णांकडं काही मागितलेलं मी पाहिलं नव्हतं. अण्णांनी जानव्याची किल्ली सोडली आणि तिच्या हातावर ठेवली. पहिली गोळी तिनं गुळाच्या खड्याबरोबर दिली.

पुढचे दिवस काही सुखाचे नव्हते, उगाच गोड करून कशाला सांगू! गोळ्यांनी दादा दिवसभर पेंगायचा. ते होणं कमी झालं, पण थांबलं नव्हतं. दर वेळी वाटायचं, आता मोठं येणार. नारळ आणणारी माणसं यायची बंद झाली, आणि भागाबाईनं दूध घालायचं सोडलं. वर्गात माझ्या शेजारची मुलगी उठून दुसऱ्या बाकावर गेली. पुढं माझ्या लग्नाच्या वेळी दोन स्थळांनी याच कारणानं पाठ फिरवली. फिरवू द्या, त्यांचं काही बिघडलं नाही आणि माझंही. अण्णा कचेरीतून आले की पुन्हा भिंतीकडं तोंड करून बसायला लागले. पण महिन्याच्या गोळ्या ते स्वतः आणायचे, न सांगता, न चुकता. तंद्री हा शब्द मात्र घरातून गेला. कुणी ठरवलं नाही, आपोआप गेला. आई नुसतं "झालं का रे?" एवढंच विचारायची.

थंडी सरत आलेली, रविवार होता. आईनं येसर आमटी केली होती. पानं वाढून झाली आणि तिनं हाक मारली. दादा मागच्या दारात उन्हाला बसला होता, भूमितीच्या पुस्तकात दुसरंच कसलंतरी फाटकं पुस्तक घालून, बाजूला अर्धा खाल्लेला जांब. आईनं पुन्हा हाक मारली. उत्तर नाही. अण्णांचा पाटावर टेकलेला हात तसाच राहिला. तिसरी हाक. दादाची मान खाली, डोळे उघडे, ओठ बारीक हलताहेत. कितीतरी दिवस काही झालं नव्हतं, आम्ही मनातल्या मनात मोजायला लागलो होतो, आणि आता पुन्हा. आईच्या हातून पळी आमटीत पडली. मी धावले. "दादा! ए दादा!" त्याचे खांदे धरून मी त्याला गदागदा हलवलं, पुस्तक उडून पायरीवर पडलं.

"काय आहे गं, भवाने!" दादा एवढ्या जोरानं खेकसला की विहिरीवरच्या बायका वळून बघायला लागल्या. "अंगात आलंय का तुझ्या? इतका चांगला भाग चालला होता, आता पान कुठं शोधू मी? माणसाला धड वाचूसुद्धा देत नाहीत या घरात!" आणि जळक्या व्रणाच्या त्या हातानं त्यानं मला अशी थप्पड मारली की माझा कान सुन्न झाला.

मी गाल धरून उभी, आई चुलीशी, तिच्या गालावरून पाणी वाहतंय आणि ती ते पुसतही नाहीये. अण्णा पाटावरून उठले, पायरीशी आले, वाकून ते फाटकं पुस्तक उचललं, धूळ झटकली आणि दादाच्या हातात दिलं. मग माझ्याकडं वळले. तो शब्द त्यांनी दत्तजयंतीनंतर एकदाही उच्चारला नव्हता.

"कशाला मोडलीस गं त्याची तंद्री?" ते म्हणाले. "वाचू दे त्याला. आपण थांबू."

आमटी गार झाली, भाकरी कडक झाल्या, आणि त्याचं पुस्तक संपेपर्यंत आम्ही तिघं पानांवर बसून राहिलो.